पावसाचा हिशेब, एकेका ओळीत

गोव्यात जून उजाडला की मिलिमीटर सगळ्यांच्याच तोंडी येतो. पणजीत किती पडला, वाळपईत किती, सांग्यात किती. हवामान खात्याचे त्यामागचे मोजमाप काटेकोर आहे: चोवीस तासांत 2.5 मिलिमीटर तरी पडला तरच तो पावसाचा दिवस. 64.5 पासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार. असे आकडे हाती आले की त्यांना प्रश्न विचारावेसे वाटतात, आणि त्यासाठी टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीत, उघडलेल्या 'आर' या संख्याशास्त्रीय भाषेसारखी दुसरी जागा नाही, असे माझे ठाम मत आहे.

टर्मिनलमध्ये कॅपिटल आर हे अक्षर टाइप करून एंटर दाबायचे. आवृत्तीची माहिती सरकत जाते आणि शेवटी > हे चिन्ह उभे राहते. मेनू नाही, बटणे नाहीत. आपण एक ओळ लिहायची, त्याने उत्तर द्यायचे.

समजा एका आठवड्याचे आकडे असे आहेत (हे मी उदाहरणासाठी घेतले आहेत): 0, 12, 38, 126, 64, 9, 3. ते c या अक्षरापुढच्या कंसात लिहून <- या बाणाने त्यांना 'पाऊस' असे नाव दिले, आणि 'मीन' म्हणजे सरासरी विचारली. खाली उमटते: [1] 36. वरच्या बाणाची कळ दाबली की मघाची ओळ परत येते. तीत 'मीन'च्या जागी 'मीडियन' म्हणजे मध्यक लिहिले की उत्तर येते: [1] 12. चौकटी कंसातला तो 1 नवख्याला बुचकळ्यात टाकतो. त्या ओळीतला पहिला आकडा उत्तरातला कितवा, एवढेच तो सांगतो.

36 आणि 12 यांत तिपटीचे अंतर आहे. 126 मिलिमीटरच्या एका दिवसाने सरासरी वर ओढली. क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा दिवस मात्र 12 चाच राहिला. कोकण किनाऱ्यावरचा पाऊस असाच पडतो, म्हणून नुसत्या सरासरीवर विसंबू नये.

आता 'पाऊस 2.5 किंवा त्याहून जास्त आहे का' असे विचारा. आर सात दिवसांसाठी सात वेळा खरे-खोटे सांगते. खऱ्याला ती 1 धरते, खोट्याला 0. त्यामुळे त्यांची बेरीज केली की पावसाचे दिवस मिळतात: 6. हाच प्रश्न 64.5 घालून विचारला की उत्तर 1. म्हणजे 64 मिलिमीटरचा दिवस अर्ध्या मिलिमीटरने मुसळधार ठरायचा राहिला.

आठव्या दिवसाची नोंदच झाली नसेल तर? तिथे 'एनए', म्हणजे 'उपलब्ध नाही', लिहायचे. पुन्हा सरासरी विचारली की उत्तरही एनए. स्प्रेडशीट रिकामा रकाना गुपचूप वगळून सरासरी काढते. आर तसे करत नाही. तो दिवस वगळायचा, हे तुम्हाला स्पष्ट लिहून सांगावे लागते. सुरुवातीला याचा वैताग येतो, पण न मोजलेला पाऊस म्हणजे शून्य पाऊस नव्हे, हे ज्याला पटले त्याला हा हट्ट मोलाचा वाटेल.

या संवादाची पद्धत 1976 ची आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 'एस' ही भाषा घडवायला घेतली. तोवर तिथे एखाद्या विश्लेषणासाठी फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोग्रॅम लिहावा लागे. त्यांना माहितीशी थेट बोलायचे होते. पुढे न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी त्याच वळणाची आर लिहिली. 1995 मध्ये ती मुक्त सॉफ्टवेअर म्हणून खुली झाली आणि 29 फेब्रुवारी 2000 रोजी तिची 1.0.0 आवृत्ती आली. डिचोलीतल्या कॉलेजातली मुलगी आज ती एक पैसाही न मोजता वापरू शकते, याचे मला फार अप्रूप आहे.

दोन गोष्टी मात्र शिकतानाच सांगायला हव्यात. कंस बंद करायचा राहिला की > च्या जागी + येतो. पुष्कळांना वाटते मशीन अडकले. ते तुमच्या उरलेल्या वाक्याची वाट पाहत असते. कंस पुरा करा, नाहीतर कंट्रोल आणि सी दाबून ती ओळ सोडून द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बाहेर पडताना आर विचारते, वर्कस्पेस जतन करू का? 'नाही' म्हणा. 'हो' म्हटले तर आजचे सगळे चल, म्हणजे 'पाऊस'सारखी नावे देऊन ठेवलेले आकडे, एका लपलेल्या फाइलीत जातात आणि त्याच फोल्डरमधून पुढच्या वेळी आर उघडली की आपोआप परत येतात. मग महिन्याभराने 'पाऊस' या नावाखाली वाळपईचे आकडे आहेत की पणजीचे, हे सांगता येत नाही. जतन करायच्या त्या लिहिलेल्या ओळी, साध्या मजकुराच्या फाइलीत. मूळ आकडे आणि त्या ओळी हाती असल्या की कोणालाही तेच उत्तर पुन्हा काढून पाहता येते. विज्ञानाला तेवढेच हवे असते.

टर्मिनलचा आणखी एक फायदा आपल्याकडे पावसाळ्यात कळतो. साखळीच्या घरून दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीने, काम करताना तारेवरून फक्त अक्षरे जातात, त्यामुळे रडतखडत चालणारे इंटरनेटही पुरते. सर्व्हरवर 'टीमक्स' हा जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम सुरू करून त्यात आर उघडली असेल तर इथली लाईट गेली तरी तिथले गणित चालू राहते. लाईट आली की परत जोडून घ्यायचे. आणि ओळी फाइलीत नीट बसल्या की 'आरस्क्रिप्ट' ही आज्ञा ती अख्खी फाइल एका दमात चालवते. पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते. तो आकडा फाइलीत चढला की नऊच्या ठोक्याला सर्व्हरने आपणहून हिशेब मांडावा, अशी वेळ लावून ठेवता येते.