फुप्फुसं तयार, टाच अजून नाही

पंचेचाळिशीत पळायला लागलं की घरातून हमखास ऐकू येतं, ‘गुडघे झिजतील.’ माझ्या आईनेही तेच म्हटलं होतं. तिची काळजी खरी होती, पण गुडघा गाडीच्या टायरसारखा नुसता झिजत जात नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाऊन तिच्यातला द्रव बाहेर पडतो आणि पाऊल उचललं की सांध्यातला द्रव पोषण घेऊन पुन्हा आत शिरतो. म्हणजे हालचाल हेच तिचं जेवण.

अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१७ साली काढलेला निष्कर्ष याला धरूनच आहे. गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात बैठं आयुष्य जगणाऱ्यांपैकी १०.२ टक्के लोकांत आढळला, तर हौसेने पळणाऱ्यांत तो ३.५ टक्केच होता. व्यावसायिक स्पर्धकांत मात्र प्रमाण १३.३ टक्के होतं. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते मुळात पळायलाच जात नाहीत, हेही या आकड्यांमागचं एक कारण असू शकतं. तरीही बेताने पळण्याने गुडघे कामातून जातात, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

मग दुखतं का? माझ्या मते याचं मोठं कारण म्हणजे शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. पळायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो. महिन्या-दोन महिन्यांत स्नायूंच्या पेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढतात. दम लागेनासा होतो, उत्साह येतो आणि माणूस दोनाचे पाच किलोमीटर करतो. टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारी जाड दोरी, तोवर जेमतेम जागी झालेली असते. तिच्यात पेशी थोड्या आणि रक्तपुरवठाही कमी.

ती किती सावकाश बदलते, हे अणुचाचण्यांमुळे कळलं. १९५५ ते १९६३ या काळातल्या स्फोटांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि तो अन्नातून माणसांच्या शरीरात उतरला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली कंडरेतल्या या कार्बनचं प्रमाण मोजलं. तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही, असं त्यांना दिसलं. बारावीच्या वयात तयार झालेल्या दोरीवर आपण पन्नाशीत पळत असतो!

पण तिला नुसती विश्रांती दिली म्हणून ती बळकट होत नाही. स्वीडनमधले अस्थितज्ज्ञ होकान आल्फ्रेडसन स्वतः पळायचे आणि त्यांची टाच दुखायची. शस्त्रक्रियेला नकार मिळाल्यावर, कंडरा तुटली तर ती करावीच लागेल म्हणून त्यांनी तिच्यावर मुद्दाम जोर द्यायला सुरुवात केली. झालं उलटंच, दुखणं कमी झालं. १९९८ साली त्यांनी सरासरी चव्वेचाळीस वर्षं वयाच्या पंधरा हौशी खेळाडूंवर हा व्यायाम करून पाहिला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकून उभं राहायचं, चांगल्या पायाच्या जोरावर वर जायचं आणि दुखऱ्या पायावर भार देत टाच हळूहळू खाली सोडायची. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तीन किंचित वाकवून. हे सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. पंधराच्या पंधरा जण पुन्हा पळू लागले.

म्हणून सुरुवातीला दम नव्हे, टाच विचारून अंतर वाढवावं. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून, एक मिनिट पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं. हाडावर एकाच बोटभर जागी दुखलं, सूज आली किंवा लंगडायला झालं तर थांबावं.

बाकी रोजच्या ठणक्याची परीक्षा सकाळी होते. पलंगावरून उतरून स्वयंपाकघरापर्यंतची पहिली दहा-वीस पावलं कालच्यासारखीच पडली, तर मी बुटांच्या नाड्या बांधतो. जास्त आखडली, तर त्या दिवशी पायरीवरचा व्यायामही हलका घेतो.