लाइट येते तेव्हाची भीती

लाइट गेली की आधी फ्रिजचं बटण बंद करायला उठणारं एक माणूस पुण्याच्या जुन्या घरांत हमखास सापडतं. नातवंडांना ती खोड वाटते. पण ती उगाच लागलेली नाही.

मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं. टीव्हीबरोबर घरात स्टॅबिलायझरही आला. पेठांतल्या वाड्यांचं वायरिंग दिवे आणि फार तर रेडिओ यांच्या हिशेबाने केलेलं. चिनी मातीचे कटआउट, दोन पिनांचे सॉकेट, अर्थिंगचा पत्ता नाही. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की व्होल्टेज उतरायचं आणि पडद्यावरचं चित्र कडांनी आक्रसायचं. नियमानुसार घरी 230 व्होल्ट, त्यात 6 टक्के इकडेतिकडे, म्हणजे साधारण 216 ते 244 यायला हवेत. स्टॅबिलायझरमधला रिले ‘टक’ वाजवून ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलायचा आणि कमी पडलेले व्होल्ट भरून काढायचा. त्या काळचं दुखणं कमी व्होल्टेजचं होतं, आणि औषधही त्यावरचंच होतं.

मग भारनियमन आलं. 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झाली (लोक अजून ‘एमएसईबी’च म्हणतात), आणि त्याच सुमारास राज्यात विजेची टंचाई वाढली. पुण्याने 2006 मध्ये वेगळी वाट काढली: उद्योगांनी स्वतःच्या जनरेटरवर वीज करायची, वाचलेली शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल करायचा. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजलं. देखभालीच्या गुरुवारी मात्र लाइट जायचीच. इन्व्हर्टर आणि त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम तेव्हा घरोघरी शिरलं.

याच काळात कळलं की लाइट जाते त्यापेक्षा येते तेव्हा धोका जास्त. फ्रिज नुकताच थांबलेला असतो तेव्हा कॉम्प्रेसरमध्ये दाब असतो. लगेच वीज आली तर मोटर अडते, भरमसाट करंट ओढते आणि तापते. म्हणून लाइट गेली की फ्रिज बंद करायचा आणि ती आल्यावर तीन मिनिटं थांबून मगच चालू करायचा. आजीची खोड इथली.

आताचे टीव्ही, चार्जर यांतला एसएमपीएस (आलेली वीज हवी तशी बदलून देणारा भाग) बहुधा 100 ते 240 व्होल्टवर चालतो. त्यांना स्टॅबिलायझर बांधून ठेवणं म्हणजे माझ्या मते निव्वळ सवय. खरी भीती न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटण्याची. वळवाच्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडली, किंवा इमारतीच्या मीटरच्या पेटीत न्यूट्रल ढिला झाला, तर घरात 230 च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट शिरू शकतात, कारण मग दोन फेजमधले (वीज आणणाऱ्या दोन तारांमधले) 400 व्होल्ट घराघरांत वाटले जातात, आणि ज्याच्याकडे लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त येतात. स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर क्षणभराचा झटका गिळतो. मिनिटभर टिकलेलं जादा व्होल्टेज त्यालाच जाळतं. मेनबोर्डवरच्या आपोआप पडणाऱ्या स्विचांपैकी एमसीबी जादा करंट बघते, आरसीसीबी गळती. व्होल्टेज दोघी बघत नाहीत. त्यासाठी जादा व्होल्टेजला सप्लाय तोडणारा रिले वेगळा बसवावा लागतो. तो मेनजवळ बसवला की अख्खं घर त्याच्या आड येतं, पण आपल्याकडे पैसे अजून टीव्हीमागच्या स्पाइक गार्डच्या पट्टीवरच जातात.

आणि जुन्या वाड्यात ती पट्टी ज्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये खोचलेली असते, त्याच्या वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची हिरवी तार असतेच असं नाही.