चॉप्स आणि पॉकेट: रॉक ड्रमर ऐकताना होणारी गल्लत

मुंबईतल्या कुठल्याही जॅमपॅडमध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, ड्रमरचा विषय निघाला की दोन शब्द हमखास कानावर पडतात, चॉप्स आणि पॉकेट. चॉप्स म्हणजे हातापायांची तयारी: वेग, अवघड रोल, डबल पेडलवरची, म्हणजे दोन्ही पायांनी किक (मोठा ड्रम) वाजवण्याची, धावाधाव. पॉकेट म्हणजे लय धरून ठेवणं आणि त्या लयीत प्रत्येक ठोका नेमका कुठे, किती वजनाने पडतो ते. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. गल्लत होते ती चॉप्स दिसले की पॉकेट असणारच असं धरून चालण्यात. चॉप्स डोळ्यांना दिसतात. पॉकेट ऐकायचं तर कान ड्रमवरून काढून बेसवर आणि गायकावर ठेवावा लागतो. ते दोघं निर्धास्त वाटत असतील तर मागे बसलेला माणूस चांगला आहे.

तबला ऐकणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. स्वतंत्र वादनात कायदे, रेले, तुकडे यांची बरसात करणारा वादक ख्यालाच्या साथीला बसला की विलंबित एकतालाचा साधा, भरीव ठेका देत राहतो, आणि गायक कितीही लांब फिरून आला तरी सम जागच्या जागी असते. रॉकमध्ये ड्रमर जवळजवळ पूर्ण वेळ साथीलाच बसलेला असतो.

आता थोडा हिशोब. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) एका बीटला ५०० मिलिसेकंद मिळतात आणि सिक्स्टीन्थ नोट, म्हणजे बीटचा चौथा भाग, १२५ मिलिसेकंदांची होते. स्नेअर (मांड्यांमधला कडक आवाजाचा ड्रम) २० मिलिसेकंद लवकर पडला तर 'चुकला' असं कुणी म्हणणार नाही, पण गाणं उगाच घाईत असल्यासारखं वाटेल. तोच स्नेअर दर वेळी २० मिलिसेकंद उशिरा पडला तर गाणं ऐसपैस वाटतं, आणि कित्येक गाण्यांना तेच शोभतं. भर आहे तो 'दर वेळी' यावर. एकदा लवकर, एकदा उशिरा असं झालं की बेसवाल्याला कुठे बोट ठेवावं ते कळत नाही.

लय सर्वांत जास्त सुटते ती फिलमध्ये, म्हणजे नेहमीचा बीट सोडून मध्ये भरलेल्या ठोक्यांच्या तुकड्यात. एका बारचा (चार बीटच्या आवर्तनाचा) नेहमीचा फिल घ्या: स्नेअरवर ४, पहिल्या टॉमवर ४, दुसऱ्यावर ४, फ्लोअर टॉमवर ४, एकूण १६ ठोके, आणि पुढच्या बारच्या पहिल्या बीटवर क्रॅश (मोठी झांज). प्रत्येक ठोका फक्त ५ मिलिसेकंदांनी आखूड झाला तर क्रॅश ८० मिलिसेकंद आधी येतो. बेसवाला आपल्या मोजणीने बरोबर असूनही मागे पडलेला दिसतो, मग तो धावत ड्रमरला गाठतो. असे आठ-दहा फिल झाले की १२० ला सुरू केलेलं गाणं १२६ ला संपतं. कारणं तीन असतात. हात टॉमकडे वळले की पाय थांबतात, त्यामुळे लय मोजणारं शरीरात काहीच उरत नाही. फ्लोअर टॉमवर पोचेपर्यंत मन क्रॅशवर गेलेलं असतं, म्हणून शेवटचे चार ठोके सर्वांत आखूड होतात. तिसरं कारण नुसता उत्साह.

यावरचा उपाय डाव्या पायात आहे. फिल चालू असताना डाव्या पायाने हाय-हॅट (पेडलवर मिटणारी झांजांची जोडी) प्रत्येक बीटला मिटत राहायचा. सुरुवातीला हात अडखळतात, म्हणून ७० बीपीएमपासून सुरू करावं आणि १६ ऐवजी ८ ठोक्यांचाच फिल घ्यावा: तीन बार साधा बीट, एक बार फिल. फिल वाजवताना गाण्याची ओळ तोंडाने म्हणता आली तर लय खरंच आत बसलेली आहे. मग मेट्रोनोमचा (ठरलेल्या वेगाने टिकटिकणाऱ्या यंत्राचा) आधार हळूहळू काढून घ्यायचा. १२० च्या गाण्यासाठी मेट्रोनोम ६० वर लावून त्याची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर ऐकायची. ते जमलं की ३० वर लावून बारला एकच टिक. शेवटी तीन बार टिकटिक आणि एक बार शांतता, मग दोन आणि दोन. शांततेनंतरची पहिली टिक आपल्या ठोक्याखाली दडून गेली तर काम झालं. टिक वेगळी ऐकू आली तर ती आधी आली की नंतर, ते लिहून ठेवावं. बहुतेकांची चूक एकाच बाजूला झुकते आणि ती बाजू ठाऊक असणं हाच अर्धा इलाज आहे. हे सगळं प्रॅक्टिस पॅडवर होतं, सोसायटीतून तक्रार येत नाही.

लालबाग-गिरगावच्या बेंजो पार्टीतून किंवा ढोल-ताशा पथकातून ड्रमसेटकडे आलेल्या मुलांबद्दल इथे आवर्जून सांगायला हवं. त्यांच्या मनगटात ताकद असते, तास-तास वाजवायचा दम असतो, आणि क्लासमध्ये शिकून न येणारी बेधडक ऊर्जा असते. फक्त मिरवणुकीत नाच रंगला की लय चढवायची असते आणि तेच तिथे योग्य आहे. रॉकमध्ये कोरसला आवाज चढतो, लयीने मात्र जागा सोडायची नाही. क्लिकशिवाय, म्हणजे कानात मेट्रोनोम न घेता, केलेल्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कोरस किंचित पुढे सरकलेला सापडतो हे खरं, पण तिथे अख्खा बँड एकत्र सरकतो. एकटा ड्रमर सरकला तर ती धावपळ.

पॉकेटचा दुसरा भाग म्हणजे आवाजाचं वजन, आणि हा भाग फारसा कुणी शिकवत नाही. छोट्या खोलीत सर्वांत जास्त बिघडतो तो हाय-हॅट. स्टिकच्या खांद्याने कडेवर मारला की आवाज मोठा, पसरट होतो आणि गायकाच्या माइकमध्ये घुसतो. टोकाने वरच्या अंगावर वाजवला की बारीक, मोजका राहतो. कडव्याला टोक, कोरसला कड, एवढी शिस्तही गाण्याला आकार देते. स्नेअरवरचे घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके) दोन-तीन सेंटिमीटर उंचीवरून पडायला हवेत, तर बॅकबीट (स्नेअरचा मुख्य, जोरकस ठोका) फूटभर उंचीवरून. मधल्या उंचीवर सगळंच वाजत राहिलं तर ठोके बरोबर असूनही बीट सपाट लागतो. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स स्नेअरच्या ठोक्याला हाय-हॅटवरचा हात उचलून घेत. त्या क्षणी हाय-हॅट नसल्यामुळे स्नेअर मोकळा ऐकू येतो. करून पाहा, वरवर सोपं वाटतं, पण उचललेला हात वेळेवर परत आणणं अवघड आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. 'मी पॉकेटवाला आहे' असं म्हणून रियाज टाळणारे ड्रमरही भेटतात, आणि ते पटण्यासारखं नाही. टोटोच्या जेफ पोर्कारोंनी १९८२ मध्ये गाजवलेला हाफ-टाइम शफल घ्या. प्रत्येक बीटचे तीन भाग करायचे. उजवा हात हाय-हॅटवर पहिला आणि तिसरा वाजवतो, डावा मधल्या भागावर जेमतेम ऐकू येईल असा घोस्ट नोट ठेवतो, आणि तोच डावा हात तिसऱ्या बीटवर सणसणीत बॅकबीट देतो. म्हणजे एकाच हाताने एका बारमध्ये अगदी हलका आणि अगदी भारी ठोका द्यायचा, तोही लय न हलवता. बोटांची तयारी नसेल तर हा बीट पहिल्या मिनिटातच आखडतो. इथे चॉप्स पुरेपूर आहेत, फक्त ते पॉकेटच्या कामाला लावलेले आहेत. लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमचंही तसंच. १९६९ च्या पहिल्याच अल्बममध्ये त्यांनी एका पेडलवर किकचे असे ट्रिपलेट (तीन-तीनचे ठोके) काढले की अनेकांना डबल पेडल वाटलं. तरी १९७१ च्या चौथ्या अल्बममधला, हेडली ग्रेंज या जुन्या इंग्लिश घरात जिन्याच्या तळाशी ड्रम मांडून आणि वर दोन माइक टांगून रेकॉर्ड केलेला त्यांचा बीट संथ आणि साधाच आहे, आणि पुढे हिप-हॉपवाल्यांनी पुन्हा पुन्हा उचलला तोही हाच.

गिगच्या दिवशी फरक आणखी एका ठिकाणी उघडा पडतो. मुंबईत ड्रमर सहसा अख्खा सेट नेत नाही. स्नेअर, सिम्बल, किक पेडल आणि स्टिक्स घेऊन जातो, बाकी सेट जागेवरचा. दोन बँडच्या मध्ये मिळणाऱ्या दहा-पंधरा मिनिटांत जाणता ड्रमर आधी स्टूलची उंची लावतो, मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील इतकी. मग किक पुढे सरकू नये म्हणून खालचा गालिचा पाहतो आणि पेडलची स्प्रिंग तपासतो. स्नेअर उतरला असेल तर समोरासमोरचे स्क्रू जोडीने, पाव-पाव फेरा घट्ट करतो. एकाच बाजूने आवळत गेलं तर कातडं तिरकं ताणलं जातं आणि आवाज फाटतो. नवखा ड्रमर त्या वेळात टॉमवर रोल वाजवत बसतो.

आयआयटीच्या मूड इंडिगोसारख्या कॉलेज महोत्सवांतल्या स्पर्धांत मोजकी मिनिटं मिळतात, तिथे चॉप्स दाखवण्याचा मोह होणं साहजिक आहे. बँडसाठी ड्रमर निवडताना मात्र वेगळी परीक्षा घ्यावी. ७० बीपीएमला साधा बीट पाच मिनिटं, एकही फिल नाही. संथ लय जास्त अवघड, कारण दोन ठोक्यांमधली जागा मोठी होते आणि चुकायला वाव मिळतो. मध्येच आवाज निम्मा करायला सांगावं. बहुतेकांची लय आवाजाबरोबर खाली येते. मग एक पूर्ण गाणं बँडबरोबर वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करावं आणि पहिल्या व शेवटच्या कोरसचा टेम्पो टॅप करून पाहावा. फरक दोन बीपीएमच्या आत असेल तर पुढचं बोलणं करावं. आणि निर्णयाआधी बेसवाल्याला एवढंच विचारावं, वाजवताना मनात मोजावं लागलं का?