पीएफओए आणि पीएफओएस: एकाच अहवालातले दोन वेगळे आकडे

पाण्याच्या तपासणी अहवालात पीएफओए आणि पीएफओएस हे आकडे बहुधा एकाखाली एक येतात आणि वाचणारा दोन्ही एकाच मापाने मोजून मोकळा होतो. दोन्ही पीएफएएस म्हणजे फ्लोरिन असलेल्या, सहज न मोडणाऱ्या कृत्रिम रसायनांच्या कुळातली, दोन्हींत आठ कार्बन, दोन्ही शरीरात वर्षानुवर्षं टिकतात. पण प्रदूषण कुठून आलं, नमुना कसा हाताळायचा, पाणी गाळणारी कार्बनची टाकी कधी बदलायची आणि कुठल्या आजाराबद्दल किती खात्रीने बोलायचं, या चारही ठिकाणी दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

फरक रेणूच्या टोकाला आहे. पीएफओएमध्ये सात कार्बनवर फ्लोरिन असतो आणि आठवा कार्बन कार्बोक्सिल गटात जातो. पीएफओएसमध्ये आठही कार्बनवर फ्लोरिन असून टोकाला सल्फोनेट गट असतो. म्हणजे पीएफओएसची फ्लोरिनवाली शेपटी एका कार्बनने लांब. त्यामुळे ते माती, गाळ, सक्रिय कार्बन, बाटलीची भिंत अशा सगळ्यांना जास्त चिकटतं. पीएफओए पाण्याबरोबर अधिक सहज वाहतं. पुढचे बरेचसे फरक या एका गोष्टीतून निघतात.

उगमाचं बोलायचं तर पीएफओए हे प्रामुख्याने पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन बनवताना लागणारं साहाय्यक रसायन होतं. नॉनस्टिक भांड्यावरचा थर पीएफओएचा असतो हा समज चुकीचा आहे. थर पीटीएफईचा, प्रश्न आला तो कारखान्याच्या सांडपाण्यातून आणि धुराड्यातून बाहेर पडलेल्या पीएफओएचा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्युपाँटच्या कारखान्याभोवती हेच झालं. पीएफओएसची ओळख मात्र कापड-गालिच्यांवरचे डागरोधक लेप, क्रोम प्लेटिंगच्या टाक्यांवरची वाफ दाबणारी द्रव्यं आणि इंधनाची आग विझवणारा फेस यांतून झाली. थ्रीएम या अमेरिकी कंपनीने त्याचं उत्पादन थांबवण्याची घोषणा २००० मध्ये केली. टिकाऊ प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ मध्ये काही वापरांना सवलत देऊन परिशिष्ट ब (वापरावर निर्बंध) मध्ये आलं. पीएफओए २०१९ मध्ये थेट परिशिष्ट अ (वापर संपवणं) मध्ये. विहिरीच्या अहवालात पीएफओएससोबत पीएफएचएक्सएस हे त्याच कुळातलं सहा कार्बनचं रसायनही चढलेलं दिसलं, तर आधी जवळचा विमानतळ किंवा अग्निशमन सरावाचं मैदान शोधावं. स्वीडनमधल्या रॉनेबी गावच्या पाण्यात २०१३ मध्ये हीच जोडी सापडली. उगम होता हवाई तळावरचा फेस.

आरोग्याच्या बाबतीत गोंधळ सर्वाधिक होतो तो कर्करोगावरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २०२३ च्या अखेरीस पीएफओएला गट १ (माणसात कर्करोग करणारं) मध्ये आणि पीएफओएसला गट २ब (कदाचित करणारं) मध्ये ठेवलं. बातम्यांमध्ये याचं ‘पीएफएएसमुळे कर्करोग’ झालं. खरं तर गट १ मागे मुख्य आधार दोन: प्राण्यांमधला पुरेसा पुरावा आणि संपर्कात आलेल्या माणसांत दिसलेले कर्करोगाशी निगडित जैविक बदल. माणसांतल्या मूत्रपिंडाच्या आणि वृषणाच्या कर्करोगाचा पुरावा संस्थेने ‘मर्यादित’ म्हटला आहे. पीएफओएसबाबत माणसांतला पुरावा अपुरा, प्राण्यांतला मर्यादित. शिवाय हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात. रसायन किती जहाल आहे ते सांगत नाहीत.

पीएफओएबद्दल माणसांकडून मिळालेली सर्वांत मोठी माहिती पार्कर्सबर्ग परिसरातल्या सुमारे ६९,००० लोकांच्या अभ्यासातून आली. त्यावर काम केलेल्या सी८ सायन्स पॅनेल या शास्त्रज्ञांच्या गटाने (सी८ हे पीएफओएचंच दुसरं नाव) सहा आजारांशी ‘संभाव्य संबंध’ नोंदवला: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह), वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला उच्च रक्तदाब. ही यादी पीएफओएची आहे. ती जशीच्या तशी पीएफओएसला लावणं चुकीचं, आणि हे सर्रास होतं. दोघांत खरोखर सामाईक असलेले परिणाम म्हणजे वाढलेलं कोलेस्टेरॉल, लशीनंतर तयार होणाऱ्या प्रतिपिंडांत घट आणि बाळाचं वजन कमी भरणं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या अभ्यासात पाचव्या वर्षी रक्तातल्या पीएफएएसची पातळी दुप्पट असलेल्या मुलांमध्ये सातव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाची प्रतिपिंडं ४९ टक्के कमी आढळली. तिथे देवमाशाचं मांस हा मोठा स्रोत. पीएफओएस जलचरांच्या शरीरात पीएफओएपेक्षा कितीतरी जास्त साठतं, म्हणून मासळीतून येणारा धोका मोजताना पीएफओएसकडे आधी पाहतात. उलट गर्भाची वार आणि आईचं दूध यांतून बाळाकडे पीएफओए अधिक सहज जातं.

शरीरातून निम्मं बाहेर पडायला लागणारा काळ रॉनेबीच्या रहिवाशांत पीएफओएसाठी २.७ वर्षं आणि पीएफओएससाठी ३.४ वर्षं निघाला. निवृत्त कामगारांच्या आधीच्या अभ्यासात तो ३.८ आणि ५.४ वर्षं होता. मादी रॅट मात्र निम्मं पीएफओए काही तासांत लघवीवाटे टाकते, नराला काही दिवस लागतात. कारण मूत्रपिंडातली वाहक प्रथिनं पीएफओए कितपत परत ओढून घेतात हे प्राणी आणि लिंगाप्रमाणे बदलतं. म्हणून प्राण्यांवरचा प्रयोग वाचताना दिलेला डोस बघून भागत नाही, रक्तातली पातळी बघावी लागते.

एककाचीही एक नेहमीची गफलत. पाण्याचा आकडा नॅनोग्रॅम प्रति लिटर असतो, रक्ताचा नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर. अमेरिकेने २०२४ मध्ये दोघांसाठी स्वतंत्रपणे ४ नॅनोग्रॅम प्रति लिटरची मर्यादा ठरवली. पीएफओए असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर रक्तातली पातळी पाण्याच्या सुमारे शंभरपट स्थिरावते. म्हणजे ४ नॅनोग्रॅमच्या पाण्यातून रक्तात लिटरला ४००, अर्थात मिलीलिटरला ०.४ नॅनोग्रॅमची भर. रक्ताच्या बाबतीत मात्र बेरीज चालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी दिलेले २ आणि २० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर हे टप्पे अनेक पीएफएएसच्या बेरजेवर आहेत.

आता नमुना. पिण्याच्या पाण्यातलं पीएफएएस मोजण्याच्या अमेरिकेच्या ५३७.१ पद्धतीत २५० मिलीलिटरची पॉलिप्रोपिलीन बाटली घेतात. त्यात क्लोरीन मारण्यासाठी १.२५ ग्रॅम ट्रिझ्मा आधीच टाकलेलं असतं, म्हणून बाटली नळाखाली विसळायची नाही. झाकणाला पीटीएफईचं अस्तर नको. प्रयोगशाळेत बाटलीतून थोडं पाणी काढून घेणं ही मोठी चूक: पीएफओएस भिंतीला चिकटून राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. सगळं पाणी पीएफएएस धरून ठेवणाऱ्या काडतुसातून सोडायचं, मग रिकामी बाटली मिथेनॉलने खंगाळून तेही त्याच काडतुसातून काढायचं. पीएफओएला याचा फारसा फटका बसत नाही, म्हणून एक आकडा बरोबर आणि दुसरा पडलेला असा अहवाल निघतो.

रेणूंचे तुकडे वजनावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर पीएफओएचं ४१३ वजनाचं आयन ४४ गमावून ३६९ वर येतं, तर पीएफओएसचं ४९९ फुटून ८० आणि ९९ मिळतात. मासे, अंडी किंवा रक्ताच्या नमुन्यात टॉरोडिऑक्सिकोलिक आम्ल हे पित्तद्रव्यही ४९९ वरून ८० देतं. त्याआधी घटक वेगळे करणाऱ्या स्तंभावर ते वेगळं केलं नाही, किंवा ९९ च्या तुकड्याने पडताळलं नाही, तर पीएफओएस फुगलेलं दिसतं. दुसरी चूक उलट्या दिशेची. थ्रीएमच्या जुन्या पद्धतीने बनलेल्या पीएफओएसमध्ये सुमारे ३० टक्के रेणू फांद्या फुटलेले असतात आणि आलेखावर त्यांची शिखरं मुख्य शिखराच्या आधी येतात. फक्त मुख्य शिखर मोजलं की तेवढा भाग गायब. तुलनेसाठी घेतलेलं मानक द्रावण पीएफओएसच्या पोटॅशियम क्षाराचं असेल तर वजनाला ०.९३ ने गुणायचं, हेही पुष्कळदा राहून जातं.

पाणी उकळून दोन्हींपैकी काहीच जात नाही. दाणेदार सक्रिय कार्बन दोन्ही धरतो, पण पीएफओए आधी निसटू लागतं. फक्त पीएफओएसवर लक्ष ठेवणाऱ्याला कार्बन ताजा वाटत राहतो आणि पीएफओए कधीच पार झालेलं असतं. म्हणून टाक्या एकापाठोपाठ दोन लावाव्यात, मधल्या नळातून नमुना घ्यावा आणि बदलीचा निर्णय पीएफओएवर घ्यावा.

नष्ट करतानाही टोक आडवं येतं. २०२२ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने डीएमएसओ हा द्रावक, पाणी आणि कॉस्टिक सोडा वापरून ८० ते १२० अंश सेल्सिअसला पीएफओए मोडून दाखवलं. कार्बोक्सिल गट तुटला की उरलेली साखळी कोसळत जाते. सल्फोनेट असलेलं पीएफओएस या पद्धतीला दाद देत नाही. तेव्हा ‘पीएफएएस नष्ट करणारं तंत्र’ असा दावा समोर आला, की त्यांनी चाचणी कुठल्या टोकाच्या रेणूवर केली ते आधी विचारावं.