जर्मनीतली परमनंट नोकरी : मागचा इतिहास

सध्या सांगली-मिरजेत नर्सिंग केलेल्या आणि आयटीआय झालेल्या पोरापोरींच्या तोंडी जर्मनीशिवाय दुसरा विषय नाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला तेव्हापासून तर जास्तच. घरच्यांचा प्रश्न एकच, नोकरी परमनंट आहे ना? कुपवाड एमआयडीसीत घाम गाळलेल्याला हा प्रश्न समजावून सांगायला लागत नाही. शेजारी शेजारी मशीनवर दोघं उभे, काम तेच, डबाही एकत्रच खाणार, पण एकाच्या पगाराच्या स्लिपवर कंपनीचं नाव आणि दुसऱ्याच्या स्लिपवर ठेकेदाराचं, आणि परमनंटचा हक्क सांगता येऊ नये म्हणून २४० दिवस भरत आले की त्याला ब्रेक. जर्मनीत ही भानगडच नाही असं कुणी सांगत असेल तर तो अर्धंच सांगतोय.

परमनंट नोकरीची सुरुवात मालकाच्या मर्जीनंच झाली. किर्लोस्करवाडी १९१० ला वसली, कारखान्याला लागूनच कामगारांची वस्ती; जर्मनीत एस्सेनमध्ये क्रुप या पोलाद कारखानदारानं तसल्या वसाहती त्याच्या कितीतरी आधी बांधल्या होत्या. तिथंच चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान, बिस्मार्कनं १८८३ ला कामगारांचा आजारपणाचा विमा कायद्यानं आणला, आता बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता, पोरं समाजवाद्यांच्या नादाला लागू नयेत हा हिशोब होता, पण हिशोबापोटी का होईना हक्क कागदावर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ ला कोळसा-पोलादाच्या मोठ्या कंपन्यांत आणि १९७६ ला दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांत, कारभारावर नजर ठेवणाऱ्या देखरेख मंडळाच्या निम्म्या खुर्च्या कामगारांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. १९७६ च्या कायद्यात मतं बरोबरीत आली तर अध्यक्षाला जादा मत आणि तो बहुतेक मालकांच्या बाजूचा असतो, हे मात्र कौतुक करणारे सांगायचं विसरतात.

आणि त्या सुखाच्या काळातसुद्धा दाराबाहेर माणसं होतीच. १९५५ ला इटलीशी, १९६१ ला तुर्कस्तानशी करार करून 'पाहुणे कामगार' आणले, काम झालं की परत जातील या भरवशावर, १९७३ ला तेलाचं संकट आल्यावर नवी भरती बंद केली, आणि बरेच पाहुणे काही गेले नाहीत, उलट बायकापोरं पण आली. कशाला जातील, माणसं होती ती!

खरी उलथापालथ २००० नंतरची. २००५ च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा ५० लाखांवर गेला होता. त्याआधीच चॅन्सेलर श्र्योडर यांनी कामगार कायदे सैल करायला घेतले होते, आराखडा केला फोक्सवागन या मोटार कंपनीतले कामगार विभागाचे डायरेक्टर पेटर हार्ट्स यांच्या समितीनं, म्हणजे परमनंट नोकरीचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या कंपनीतल्याच माणसानं. ठेक्यानं माणूस किती काळ पुरवायचा यावरची मर्यादा काढली, महिना ४०० युरोपर्यंतचे 'मिनी जॉब' वाढले, बेकारभत्ता आखडला. बेकारी पुढं उतरली हे खरं (ती याच कायद्यांनी उतरली का, यावर तिथले अर्थतज्ज्ञ अजून भांडतायत), पण कमी पगाराच्या कामाचा एक मोठा थर तयार झाला आणि देशभरासाठी किमान वेतनाचा कायदा यायला २०१५ उजाडलं, तेव्हा दर ठरला तासाला साडेआठ युरो.

हा थर नीट दिसला तो कोरोनात. एकीकडं एप्रिल २०२० मध्ये साधारण ६० लाख माणसं 'कुर्त्सआर्बाइट'वर होती, म्हणजे काम कमी किंवा बंद, पण नोकरी शाबूत आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग सरकारी फंडातून. दुसरीकडं त्याच वर्षी जूनमध्ये र्‍हेडा-वीडनब्रुक गावातल्या एका मोठ्या मांस कारखान्यात हजाराच्या वर कामगार पॉझिटिव्ह निघाले. त्यातले बरेच रोमानिया, बल्गेरिया, पोलंडकडचे, कागदोपत्री कारखान्याचे नाहीतच, ठेकेदारांचे, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे. एवढी बोंब झाल्यावर १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या मांस उद्योगात कापणी-प्रक्रियेच्या कामाला ठेकेदारी बंद झाली. बाकीच्या धंद्यांत माणसं पुरवणाऱ्या एजन्स्या चालूच आहेत, फक्त २०१७ पासून एका ठिकाणी जास्तीत जास्त १८ महिने आणि ९ महिन्यांनंतर बरोबरीचा पगार असा नियम आहे, त्यालाही युनियनशी करार करून अपवाद काढता येतात.

बालेकिल्ल्याचंही आता काय सांगावं. फोक्सवागननं १९९४ पासूनची नोकरीची हमी सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, संप झाले, डिसेंबरात तडजोड झाली : हमी २०३० पर्यंत परत, पण तोवर ३५ हजारांवर जागा कमी करायच्या, कुणाला हाकलून न देता. युनियन ताकदीची म्हणून एवढं तरी पदरात पडलं. युनियन आणि मालकांनी मिळून ठरवलेल्या सामूहिक वेतन कराराखाली आज जर्मनीतले जेमतेम निम्मे कामगार आहेत, १९९० च्या दशकात देशाच्या पश्चिम भागात हे प्रमाण पाऊण होतं.

तेव्हा ऑफर लेटर आलं की पगाराचा आकडा नंतर बघा, आधी मालक म्हणून हॉस्पिटलचं किंवा कारखान्याचं नाव आहे की मधल्या एजन्सीचं, आणि तिथं वेतन करार लागू आहे का, हे त्या एजंटाला तोंडावर विचारा.