डाव्या कडेवरचं लेकरू

कापूस वेचाले निघालेली बाई तान्ह्याला बहुतेक डाव्या कडेवर घेते. आमच्या यवतमाळकडे त्याचं कारण ठरलेलं: "उजवा हात कामाले मोकळा पाह्यजे ना!"

हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ली साल्क यांनी 1960 मध्ये नोंदवलं, की उजखुऱ्या आयांपैकी 83 टक्के आणि डावखुऱ्यांपैकीही 78 टक्के बाळाला डावीकडेच धरतात. डावखुरीचा तर कामाचाच हात अडकतो! साल्क यांना वाटलं, बाळाला आईच्या काळजाचे ठोके ऐकू यावेत म्हणून. पण घोडी, रेनडिअर, वॉलरस यांना कुठं कडेवर घ्यायचं असतं? 2017 मध्ये अशा 11 रानटी सस्तन प्राण्यांचा अभ्यास छापून आला. पिल्लं आईला आपल्या डाव्या डोळ्यासमोर ठेवतात. धोका दिसून पळताना आईही पिल्लाला डावीकडे ठेवते. डाव्या बाजूचं दृश्य मुख्यतः मेंदूच्या उजव्या अर्धात पोचतं, आणि चेहरे, भाव ओळखण्यात तोच अर्ध पुढे. संशोधकांना हेच कारण जास्त पटतं, मलाही.

पण सुनेनं लेकराला उजव्या कडेवर घेतलं तर तिला टोकू नका. तशाही पुष्कळ आया असतात, त्यात कसलाच दोष नाही.