फ्लॅपचा रक्तपुरवठा आणि बीपी वाढवणारे औषध

नागपुरात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो आणि तो वर्षानुवर्षे गालात धरणाऱ्यांपैकी अनेकांना तोंडाचा कर्करोग होतो. गाठीबरोबर जबड्याचे हाडही काढावे लागले, तर पायातील फिब्युला हे हाड त्याच्या रोहिणी, नीला आणि त्वचेसह उचलून जबड्याच्या जागी बसवतात. या जिवंत तुकड्याला फ्लॅप म्हणतात. त्याच्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक नायलॉनच्या धाग्याने शिवाव्या लागतात.

या शस्त्रक्रियेला आठ-दहा तास सहज लागतात. भुलीच्या औषधांनी शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ नॉरअॅड्रेनलिन किंवा फेनिलेफ्रिन देतात, मात्र ही औषधे वाहिन्या आकुंचित करूनच दाब वाढवतात. नेमकी हीच गोष्ट प्लास्टिक सर्जनना दीर्घकाळ खटकत आली. फ्लॅपचे मज्जातंतू कापलेले असल्यामुळे मेंदूचा हुकूम तिथपर्यंत पोचत नसला, तरी रक्तातून वाहणारे औषध पोचतेच. मग नुकतीच शिवलेली वाहिनी आवळली जाऊन आत गुठळी धरली तर काय, ही शंका मुळीच अनाठायी नव्हती.

म्हणून औषध टाळून सलाईन भरपूर देण्याची पद्धत रुळली. तिची किंमत मात्र रुग्णाला मोजावी लागते, कारण जास्तीचे पाणी ऊतींमध्ये झिरपून फ्लॅप सुजतो, सुजेने नाजूक नीला दबते आणि फुप्फुसांवरही ताण येतो. दुसरीकडे, दाब कमीच राहू दिला तर फ्लॅपची अवस्था उन्हाळ्यात गल्लीच्या टोकाला असलेल्या घरासारखी होते: नळ उघडा असतो, पण पाणी पोचत नाही.

गेल्या दोन दशकांत हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा शस्त्रक्रियेदरम्यान ही औषधे दिलेल्यांमध्ये फ्लॅप निकामी होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. यातील बराच पुरावा जुन्या नोंदींवर आधारलेला आहे, हे मान्य करूनही मला तो वजनदार वाटतो. योग्य मात्रेत नॉरअॅड्रेनलिन दिल्यावर शरीराचा एकूण दाब सावरतो आणि त्याचा लाभ फ्लॅपलाही मिळतो. अर्थात, रक्तस्रावामुळे दाब उतरला असेल तर आधी रक्ताची भरपाई करायला हवी. औषध त्याला पर्याय नाही.

रुग्ण घरी घेत असलेल्या बीपीच्या गोळ्यांचा प्रश्न याला जोडूनच येतो. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारख्या गोळ्या घेतलेल्या रुग्णाचा दाब भुलीखाली अधिक उतरू शकतो, त्यामुळे त्या बहुधा आदल्या दिवसापासून थांबवायला सांगतात. उलट मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक सोडणे धोक्याचे असते. म्हणून स्वतःच्या मनाने काहीही बंद न करता गोळ्यांची पाकिटेच भूलतज्ज्ञांना दाखवावीत.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन दिवस अतिदक्षता विभागातील परिचारिका दर तासाला फ्लॅपची त्वचा बोटाने दाबून पाहते. दाबलेली जागा पांढरी पडून दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी लागते. त्वचा फिकट आणि गार लागली तर रोहिणीत अडथळा असू शकतो. जांभळी, फुगीर दिसली आणि दाब काढताच रंग झटकन परतला तर संशय नीलेवर जातो. अशा वेळी औषधाला दोष देत वाट पाहण्यात मोलाचे तास वाया जातात. रुग्णाला तातडीने पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन जोडणी उघडून पाहिली आणि गुठळी वेळेत निघाली, तर असे बरेच फ्लॅप वाचतात.